रिकाम्या जागेचा अर्थ

तारनाका, हैदराबाद
१४ जून २०२५

शर्वरी,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं, मग खोडलं. खोडलेलं दिसतंय, दिसू दे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. ऑफिसच्या ईमेलवर लिहिलं तर असा पत्ताच नाही म्हणून परत आलं. तुझ्या पुण्याच्या घरचा पत्ता तेवढा माझ्याकडे आहे, कारण दर दिवाळीला तुझ्या आईला उस्मानिया बिस्किटांचा डबा मीच पाठवायचे. म्हणून हे कागदावर. वाचायचं की फाडायचं ते तू बघ.

नोकरी सोडून जाताना तू सगळ्यांना जी मेल पाठवलीस ती मला पाठ झालीय. ‘चूक पूर्णपणे माझी आहे. रिव्ह्यू करणाऱ्यांचा यात काही दोष नाही.’ पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं कशाला घातलंस? तुला कुणी विचारलं होतं? मोठेपणा करायचा तर पूर्ण करावा, नाहीतर करू नये. असा अर्धा मोठेपणा करून दुसऱ्याच्या गळ्यात बांधून जायचं, हे कुठून शिकलीस? माझ्याकडून तर नाही.

आता ऑफिसात ही गोष्ट भलतीच सांगतात. नवीन मुलांना सांगतात की टूल चुकलं. म्हणून मी नीट लिहून काढते, म्हणजे निदान आपल्या दोघींकडे तरी एकच गोष्ट राहील.

डायलिसिस सेंटरचा तो प्रोग्राम २०१२ मध्ये मी लिहिला. कुठला पेशंट, किती वाजता, कुठल्या मशीनवर. तेरा वर्षं चालला. त्यासाठी मी त्या सेंटरमध्ये आठ दिवस स्टुलावर बसून होते आणि टेक्निशियन भाग्यलक्ष्मी मला एकेक गोष्ट शिकवत होती. काविळीचा बी विषाणू रक्तात असलेल्यांची मशीनं वेगळी असतात, हे मला तिनं सांगितलं. मी विचारलं, रिपोर्टच आला नसेल तर? ती म्हणाली, “रिपोर्ट नै आया बोले तो बीमारी नै, ऐसा कायकू समझरे अम्मा? अलग मशीन पेच डालना.” मी तसं लिहिलं. रिपोर्टची जागा रिकामी असेल तर पेशंट वेगळ्या मशीनवर. एक ओळ.

या जानेवारीत यादगिरी सर ते एआय टूल घेऊन आले. “निशिगंधा गारू, छे महिने का काम छे हफ्ते में!” आणि जुना प्रोग्राम नव्यानं लिहायचं काम तुला दिलं. सहा वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून शिकलेल्या तुला. तू म्हणालीस, “ताई, शिकून घ्या ना, मी बसते तुमच्याबरोबर.” मी म्हणाले, मला नक्को. बरोबरच म्हणाले.

टूलनं लिहिलेल्या नव्या प्रोग्राममध्ये ती ओळ नव्हती. जागा रिकामी म्हणजे निगेटिव्ह, असं त्यानं धरलं. मार्चमध्ये एक नवा पेशंट आला. त्याचा रिपोर्ट यायचा होता, आणि स्क्रीननं त्याला चार नंबरच्या मशीनवर टाकलं, सगळ्यांच्या मशीनवर. भाग्यलक्ष्मी तेव्हा नव्या शाखेत शिकवायला गेली होती. सेंटरमध्ये मागं राहिलेली पोरं स्क्रीनवर विश्वास ठेवून होती, कारण तेरा वर्षं स्क्रीन चुकली नव्हती. त्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. नऊ एप्रिलला भाग्यलक्ष्मी परत आली, तिनं स्क्रीन बघितली आणि ओरडली. तोवर चार नंबरवर त्याच्यानंतर अकरा जण बसून गेले होते.

त्या दिवशी मीटिंगमध्ये मी तुला म्हणाले, “मशीनकडून लिहून घेतेस, तुला स्वतःला एक ओळ तरी येते का?” सगळ्यांसमोर म्हणाले. सगळ्यांसमोर नको होतं, एवढंच चुकलं असेल. बाकी शब्द न् शब्द खरा होता.

निशिगंधा


५ जुलै २०२५

शर्वरी,

पत्र पोचलं. पोस्टाच्या साइटवर दिसतंय. पण तुझं उत्तर नाही.

बरं, मग मीच बोलते. हौ, नवा प्रोग्राम तपासला म्हणून केलेली टिक माझी होती.

तुझ्या मेलमधले ‘रिव्ह्यू करणारे’ म्हणजे काही पाचदहा जण नव्हते. मी एकटी होते. हे तुला माहीत आहे आणि मला. सरांनी कधी उघडूनसुद्धा बघितलं नाही. मीटिंगमध्ये मी ओरडत होते तेव्हा तुझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडं होतं. माझं नाव आणि पुढं हिरवी खूण. मला माझ्या जागेवरून दिसत होतं. नुसती स्क्रीन फिरवली असतीस तर माझं तोंड तिथंच बंद झालं असतं. तू लॅपटॉप मिटलास.

का? मला तीन महिने झोप लागू नये म्हणून?

मी वाचलं नाही, कारण ते वाचणं माणसाच्या हातचं नव्हतं. एका सकाळी चार हजार ओळी येऊन पडल्या. पूर्वी तू दिवसाला शंभर ओळी लिहायचीस, मी त्या चहा पिता पिता वाचायचे, दोन ठिकाणी खोडायचे, तू तोंड फुगवायचीस. लिहिणारं यंत्र झालं, पण वाचायला माणूस तोच, डोळे तेच, दिवस तेवढाच. हा हिशेब ना सरांनी केला, ना टूल विकणाऱ्यानं. ‘रिव्ह्यू पेंडिंग’ असं लाल अक्षरात माझ्या नावापुढं लटकत होतं आणि सर दर तासाला दारातून डोकावून विचारत होते, हो गया क्या? मी टिक केली. माझ्या जागी कुणीही केली असती.

आता तुझी खुर्ची मला दिलीय. सर म्हणाले, टीम तुम्ही सांभाळा आणि टूल वापरायला शिका, दुसरा इलाज नाही. या वयात शिकतेय. तीन पोरं आहेत, तिघांनाही माझं मराठी कळत नाही. मी ‘दस्ती’ म्हणाले की ‘रुमाल, ताई, रुमाल’ म्हणून हसणारं कुणी उरलं नाही. हे मी तक्रार म्हणून लिहितेय, लाडानं नाही.

त्या अकरा जणांची दर महिन्याला रक्ततपासणी चाललीय. सहा महिने करावी लागते. भाग्यलक्ष्मी मला फोन करून सांगते, मी विचारलं नाही तरी. त्यांच्यात एक पद्मावतीबाई आहेत, जामबागच्या मराठी शाळेत गणित शिकवायच्या, काचीगुड्यात राहतात. सुई टोचताना दर वेळी विचारतात म्हणे, हे मशीन कुणी कुणी वापरलं? भाग्यलक्ष्मी पट्टी लावून पुढच्या खाटेकडं जाते.



निशिगंधा


२० ऑगस्ट २०२५

शर्वरी,

आज ऑफिसात मी कीबोर्ड आपटला. एक बटण निघून टेबलाखाली गेलं. पोरं बघत राहिली.

झालं असं की सरांनी सांगितलं, जुन्या आणि नव्या प्रोग्राममध्ये आणखी काय काय फरक राहिलाय ते शोधा. मला वाटलं, महिनाभराचं काम. त्यातल्या एका पोरानं सांगितलं, मॅडम, टूललाच विचारा ना. मी चिडून विचारलं. नऊ एप्रिलच्या आधीची नवी आवृत्ती आणि माझी जुनी, दोन्ही त्याच्यापुढं टाकली आणि साध्या भाषेत लिहिलं की या दोन्हींत वागणूक कुठं बदललीय ते सांग.

दीड मिनिट लागलं. चौदा फरक काढले त्यानं. नववा असा होता: जुन्या प्रोग्राममध्ये रिपोर्टची जागा रिकामी असेल तर पेशंट वेगळ्या मशीनवर जातो, नव्यात तसं होत नाही, हा बदल मुद्दाम केलेला आहे का?

मुद्दाम केलाय का, असं त्या यंत्रानं मला विचारलं.

म्हणजे विचारलं असतं तर ते फेब्रुवारीतच सांगणार होतं. तू विचारलं नाहीस. तुला ‘असं विचारून बघ’ म्हणून सांगायला मी हवी होते, आणि मी तर टूलकडं पाठ करून बसले होते. पुढचं लिहिण्याआधी मी दोनदा उठून पाणी पिऊन आले.

मागच्या पत्रात मी लिहिलं की मी वाचलं नाही. ते खोटं आहे.

चार हजार ओळी वाचल्या नाहीत, हे खरं. पण ती एक ओळ मी सगळ्यात आधी शोधली. माझी होती ना ती. अकरा फेब्रुवारी, मंगळवार, जेवण झाल्यावर. ती नव्हती. मी खाली वर सगळीकडं बघितलं, नव्हतीच. आणि मला आनंद झाला, शर्वरी. ऊन लागल्यावर गार पाणी प्यावं तसा. मनात म्हटलं, बघा आता. शुक्रवारी सेंटरवाल्यांपुढं डेमो आहे, भाग्यलक्ष्मी येईल, पहिल्याच मिनिटाला हे पकडेल, आणि सरांचं ते टूल आणि त्यांची ती पुण्याची हुशार मुलगी, दोघांचं नाक कापलं जाईल. मी एक शब्द बोलणार नाही. नुसती बसून बघणार. म्हणून मी टिक केली.

शुक्रवारी भाग्यलक्ष्मी आली नाही. तिला नव्या शाखेत पाठवलंय हे मला तिथंच कळलं. डेमोमध्ये सगळ्या पेशंटचे रिपोर्ट भरलेले होते. सगळं सुरळीत झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीपण वाजवल्या. त्यानंतर सांगायचं म्हणजे मंगळवारी का नाही सांगितलं, तेही सांगावं लागणार होतं. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी सर बाहेरगावी होते. मग प्रोग्राम सुरू झाला. नंतर मी स्वतःची समजूत घातली की सेंटरमधली माणसं काय आंधळी आहेत, बघतील ती.

आणखी एक आहे, तेही घे. जुन्या प्रोग्राममध्ये त्या ओळीच्या वर कारण लिहिलेलं नव्हतं. तूच एकदा विचारलं होतंस, ताई, इथं कमेंट का नाही टाकली? मी म्हणाले, राहून गेलं. राहून गेलं नव्हतं. जे माझ्या डोक्यात आहे तेवढ्यापुरतं मला कुणी काढू शकत नाही, एवढी अक्कल मला पहिल्या वर्षीच आली होती. भाग्यलक्ष्मीनं मला फुकट दिलेलं ज्ञान मी तेरा वर्षं पदराखाली धरून बसले. एक वाक्य लिहिलं असतं तर तू वाचलं असतंस, त्या यंत्रानंही वाचलं असतं.

सर आता मला नव्या पोरांपुढं उभं करतात. “बोलो गारू, एआय आनेके बाद इंजिनिअर क्या करना?” मी काहीतरी सांगते, प्रश्न नीट विचारा, निघालेलं तपासून घ्या, थोडं थोडं घ्या, एकदम डोंगर घेऊ नका. पोरं लिहून घेतात. जे खरं सांगायचं ते माझ्या तोंडातून निघत नाही. जे माहीत आहे ते लिहून ठेवा, जे दिसलं ते बोला. यासाठी एआय यायची काय गरज होती? हे तर तेरा वर्षांपूर्वीपण करायचं होतं.

मला सगळ्यांचा राग येतोय आणि प्रत्येक वेळी फिरून तो माझ्याच दारात येऊन उभा राहतो.

निशिगंधा


१४ ऑक्टोबर २०२५

शर्वरी,

शेवटच्या तपासणीचे रिपोर्ट आले. अकराच्या अकरा निगेटिव्ह. कुणालाही काही झालेलं नाही.

ऑफिसात पेढे वाटले. मी पेढा हातात घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मंगळवार, ओळ, टिक, सगळं.

त्यांनी उठून दार लावलं. मग म्हणाले, “अब कायकू निकालरे ये बात? सब निगेटिव्ह है ना? खतम.”

“शर्वरीचं काय, सर?”

“वो गई ना. उसकू दूसरी नोकरी मिल जाती.”

“मिळाली नाही सर. तिच्याबद्दल विचारायला दोन कंपन्यांचे फोन आले तेव्हा मी बाहेर बसले होते. तुम्ही काय सांगितलंत ते मी ऐकलं.”

“तो क्या बोलना था मैं? मेरी सबसे पुरानी इंजिनिअर ने आँख बंद करके साइन करी, बोलूं?”

“आँख खोल के करी, बोलो,” मी म्हणाले.

ते चिडले. तेरा वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता, तो चढवला. हात जोडून असंही म्हणाले की सेंटरवाले काँट्रॅक्ट काढून घेतील, तीस घरं आहेत या ऑफिसवर, तुम्हाला हलकं वाटावं म्हणून ती बुडवू नका. हे शेवटचं मला लागलं. कारण त्यात खोटं काही नव्हतं. मला हलकं व्हायचंच होतं.

तरी मी लिहिलं. एका पानावर, तारखांसकट, खाली सही. एक प्रत सेंटरच्या डॉक्टरांना दिली. त्यांनी वाचून फक्त एवढंच विचारलं की ती ओळ आता परत आहे ना. आहे म्हटलं. कारणासकट आहे, भाग्यलक्ष्मीच्या नावासकट. ते म्हणाले, काँट्रॅक्ट राहील, पण तुम्ही यापुढं आमच्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. संध्याकाळी सरांनी सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

दुसरी प्रत या पत्रासोबत आहे. नोकरीसाठी जिथं दाखवायची तिथं दाखव. तुझ्यावर उपकार म्हणून देत नाही. तुझंच आहे ते.

आता तरी एक ओळ लिही. शिवी दिलीस तरी चालेल.

निशिगंधा


पुणे
२७ ऑक्टोबर २०२५

निशिगंधाताई,

चारही पत्रं मिळाली. पहिली तीन आईनं कपाटात ठेवली होती, मला आत्ता दिली. एका बैठकीत वाचली.

लॅपटॉप मिटला तो मोठेपणा नव्हता. मीसुद्धा सगळं वाचलं नव्हतं. टेस्ट पास होत होत्या आणि मी पुढं जात होते. टूलनं काय लिहिलंय ते मला कळत होतं, पण का लिहिलंय ते मी विचारत नव्हते. म्हणून चूक माझी असं लिहिलं, ते खरंच होतं. तुमचं नाव घेतलं नाही, कारण मला वाटलं तुम्हीही माझ्यासारख्याच थकून टिक केली असेल. आई म्हणायची, त्या बाईनं तुला चारचौघांत झापलं आणि तू तिला पाठीशी घालतेस? मी सहा महिने तुमची बाजू घेऊन आईशी भांडले.

मी वाचलं नव्हतं. तुम्ही वाचलं होतं. या दोन गोष्टींची मोट बांधू नका. ‘तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही’ असं तुम्ही लिहिलंय, जसं काही दोघींनी मिळून एक डबा सांडला. मला ते मान्य नाही.

सहीचा कागद मी ठेवून घेतलाय. वापरणार आहे. माफ केलेलं नाही.

आणि एक. मला चार पत्रं लिहिलीत. पद्मावतीबाईंना किती लिहिलीत? त्या तर काचीगुड्यात राहतात, तुमच्यापासून बसनं अर्धा तास. माझ्यावर ओरडायला तुम्हाला पुण्यापर्यंत तिकिटं लावता आली.

शर्वरी


९ नोव्हेंबर २०२५

शर्वरी,

तुझं पत्र वाचून आधी फाडायला निघाले होते. दोन दिवस तुला मनातल्या मनात उत्तरं दिली. तिसऱ्या दिवशी उत्तरं संपली.

आज रविवार. त्यांचं डायलिसिस नसतं. भाग्यलक्ष्मीला पत्ता विचारला, ती म्हणाली, मैं भी आऊं क्या? मी नको म्हटलं.

काचीगुडा स्टेशनच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे. दार त्यांनी स्वतःच उघडलं. बारीक बाई, एका हातावर पट्टी, चष्मा कपाळावर. मी माझं नाव सांगितलं आणि म्हणाले, सेंटरच्या प्रोग्रामबद्दल बोलायचंय. त्यांनी आत बोलावलं, खुर्ची दाखवली, सुनेला पाणी आणायला सांगितलं. पाणी येईपर्यंत मी थांबले. मग सांगितलं. घरून ठरवून नेलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मला ती चूक दिसली होती आणि दुसऱ्याची फजिती बघायची म्हणून मी बोलले नाही, एवढंच नीट सांगता आलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. “म्हणजे तुम्हाला दिसलं होतं.”

“हो.”

“किती तारखेला?”

“अकरा फेब्रुवारी.”

“आणि मी त्या मशीनवर पहिल्यांदा बसले एकवीस मार्चला.” त्या बोटांवर मोजत होत्या. “अडतीस दिवस होते तुमच्याजवळ.”

मी मान हलवली. माफी मागितली. त्या जणू ऐकतच नव्हत्या. आतल्या खोलीतून एक छोटी मुलगी भिंतीला हात लावत लावत बाहेर आली. नात. सून तिच्या मागं मागं. मुलगी आमच्या दोघींच्या मधून डुगडुगत पलीकडं दाराकडं निघाली.

“एप्रिलमध्ये ही चार महिन्यांची होती,” पद्मावतीबाई म्हणाल्या. “डॉक्टर सांगत होते, नुसतं जवळ घेतल्यानं काही होत नाही. मला पटायचं, पण हात पुढं व्हायचा नाही. मुलगा, सून सगळे म्हणायचे, घ्या ना आई. मी सहा महिने हिला लांबूनच बघितलं. रिपोर्ट आला त्या दिवशी पहिल्यांदा उचलली.”

मुलगी दारापाशी पोचली, वळली आणि परत निघाली. पद्मावतीबाईंनी वाकून दोन्ही हात पुढं केले. ती त्यांच्या हातांना वळसा घालून, हसत, पुढं गेली.

“आता चालायला लागलीय,” त्या म्हणाल्या. “मांडीवर बसत नाही.”

निशिगंधा